तीन आण्यांत ५७ हजार छायाचित्रे

पणजीत दरवर्षी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवामुळे दादासाहेब फाळके हे नाव गोमंतकीयांना चांगलेच परिचित आहे. मात्र चित्रपटकार होण्यापूर्वी फाळके यांनी अनेक वर्षे छायाचित्रणात घालवली होती आणि त्या विद्येचा कस सुरतेत लागला, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. पुढे तो सुरतेला गेला, तेव्हा पहिल्या खेळाचे उत्पन्न जेमतेम तीन रुपये झाले. दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहणाऱ्या प्रेक्षकांना तीन आण्यांत दीड तासाचा मूकपट महाग वाटला. खेळाची लांबी वाढवा, असा तगादा तेथील चालकाने लावला. फाळके यांनी तो मानला नाही. ५७ हजार छायाचित्रांचा आणि दोन मैल लांबीचा खेळ फक्त तीन आण्यांत, अशी जाहिरात त्यांनी केली आणि प्रेक्षक येऊ लागले.

अशी जाहिरात एखाद्या छायाचित्रकारालाच सुचावी. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात गेले. कलाभवनाचे संस्थापक, रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर हे मूळचे सुरतेचे. या विद्यार्थ्याची चिकाटी त्यांनी हेरली आणि संस्थेची प्रयोगशाळा त्याच्यासाठी खुली केली. १८९० च्या सुमारास फाळके यांनी कॅमेरा विकत घेतला. काचेवर प्रकाश किती वेळ पडू द्यावा, अंधाऱ्या खोलीत कोणत्या रसायनाने प्रतिमा उमटवावी, ती पक्की कशी करावी, हे धडे त्यांनी स्वतःच्या हातांनी गिरवले. छपाईचे ठसे आणि तिरंगी छपाई शिकण्यासाठी ते रतलामलाही गेले.

विद्या साधली, तरी गिऱ्हाईक मिळेना. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला, पण प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल गमावून त्यांना ते गाव सोडावे लागले. बडोद्याला परतल्यावर वेगळीच अडचण उभी राहिली. कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो आणि त्याने आयुष्य घटते, अशी भीती लोकांच्या मनात होती. धंदा बसला. फाळके नाटकांचे पडदे रंगवू लागले. १९०३ मध्ये त्यांनी पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार म्हणून नोकरी धरली, पुढे लोणावळ्यात छापखाना काढला.

१९११ मध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून ते नव्या ध्यासाने झपाटले. अहोरात्र अभ्यासाने दृष्टी अधू झाली, पण उपचारांनी ती सावरली. १९१२ मध्ये ते लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले. भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर थोड्या थोड्या अंतराने त्याची चित्रे टिपली. ती सलग दाखवताच पडद्यावर रोप वाढताना दिसले. चलच्चित्र म्हणजे ओळीने लावलेली स्थिर छायाचित्रे, हे यापेक्षा सोप्या रीतीने कोण समजावणार? पुढे फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने कालवणे ही कामे त्यांची दुसरी पत्नी सरस्वतीबाई यांनी घरच्या रगाड्यातून रात्री जागून केली.

सुरतेच्या जाहिरातीचा हिशोबही पाहण्याजोगा आहे. फिल्मच्या एका फुटात १६ छायाचित्रे बसतात. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३७०० फूट होती. म्हणजे ५७ हजारांचा आकडा जवळपास तंतोतंत खरा होता. दोन मैल मात्र १० हजार फुटांहून अधिक होतात. लांबीच्या बाबतीत फाळके यांनी सढळ हाताने अतिशयोक्ती केली, छायाचित्रांच्या संख्येत नाही.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा बोलपटाच्या जगाला त्यांचा विसर पडला होता. परंतु ज्या गुजरातेत आयुष्य घटेल या भयाने लोक एका छायाचित्रासाठी कॅमेऱ्यापुढे बसत नव्हते, त्याच गुजरातेत पुढे त्यांनी छायाचित्रे पाहण्यासाठी तीन आणे मोजले. फाळके यांच्या वाट्याला आलेल्या मोजक्या विजयांपैकी हा एक होता.