विश्लेषण : स्वतः गिटार न वाजवणाऱ्या लिओ फेंडर यांच्या अ‍ॅम्प्लिफायरची आजही नक्कल का होते?

हाताने जोडलेल्या आजच्या अनेक महागड्या गिटार अ‍ॅम्प्लिफायरचे मूळ लिओ फेंडर यांच्या १९५० च्या दशकातील आराखड्यांत आहे.

सुरुवात कशी झाली?
१९०९ मध्ये कॅलिफोर्नियात जन्मलेले फेंडर हिशेबनीस होते. मंदीत नोकरी गेली. १९३८ मध्ये त्यांनी फुलर्टनला रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. दुरुस्तीवाल्याच्या नजरेनेच पुढे अ‍ॅम्प्लिफायर बनवले : भाग मोजके, दणकट आणि सहज बदलता येणारे.

दोष हवाहवासा का झाला?
फेंडर यांना स्वच्छ आवाज हवा होता. वादकांनी मात्र बटण शेवटपर्यंत फिरवले. ताण पडलेल्या व्हॉल्व्हमधून सूर जाड होऊन फाटू लागला. हाच ‘दोष’ ब्लूज आणि रॉकची ओळख ठरला. लंडनमध्ये जिम मार्शल यांचा पहिला अ‍ॅम्प्लिफायरही फेंडर यांच्या ‘बासमन’वरच बेतलेला होता.

आज काय उरले?
प्रकृती ढासळल्याने १९६५ मध्ये फेंडर यांनी कंपनी ‘सीबीएस’ला सुमारे १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची साधी, मोकळी जोडणी मात्र टिकली. त्यात एखादा कपॅसिटर बदलला तरी सूर बदलतो. कारागिरांना तेच हवे असते.