गुलाम म्हणून आला, शहराला पाणी देऊन गेला : मलिक अंबरची नहर आणि आपली जबाबदारी

शहागंज (छत्रपती संभाजीनगर) : फुलंब्री, कन्नड, सिल्लोडकडून शहरात खरेदीला आलेला माणूस शहागंजला चक्कर मारल्याशिवाय सहसा परत जात नाही. कपडा, भांडी, भाजीपाला, माणसांची गर्दी आणि तो जुना घड्याळाचा मनोरा. पण या बाजारात एकेकाळी आणखी एक गोष्ट नावाजलेली होती. ती म्हणजे इथला मोठा हौद. १८व्या शतकात तो बांधला गेला. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई झाली की गावातल्या लोकांना त्याचा केवढा आधार व्हायचा, हे खाफी खान या त्या काळच्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय.

तेव्हा वीज नव्हती, मोटार नव्हती. तरीही शहरातल्या हौदांना पाणी यायचं, ते जमिनीखालच्या नहरींतून. आणि या शहरात नहरीचं काम सुरू करणारा माणूस होता मलिक अंबर. मे १६२६ मध्ये तो वारला, म्हणजे २०२६ मध्ये त्याला जाऊन ४०० वर्षं होतात. त्याच्या लढाया शाळेच्या पुस्तकात येतात. त्याने पाणी आणि जमीन कशी सांभाळली, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

बाजारात विकला गेलेला पोरगा

मलिक अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास आफ्रिकेतल्या हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. त्याचं मूळ नाव चापू होतं, असं सांगतात. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात तो बगदादच्या व्यापाऱ्याकडे पोहोचला. तिथे त्याला लिहावाचायला मिळालं, अंबर हे नावही मिळालं. पुढे तो दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेज खान याने त्याला विकत घेतलं. हा चंगेज खान स्वतःही कधीकाळी गुलामच होता. त्याच्या हाताखाली अंबर राज्यकारभार शिकला.

मालक वारल्यावर अंबर मोकळा झाला. थोडेफार स्वार जमवून त्याने स्वतःची फौज उभी केली. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. निजामशाही संपली असं सगळ्यांना वाटलं. अंबरने मात्र राजघराण्यातल्या एका मुलाला गादीवर बसवलं आणि पुढची २५ वर्षं मोगलांना दख्खनमध्ये सुखाने बसू दिलं नाही. अकबर गेला, जहांगीर आला, तरी अंबर हटला नाही. त्याच्या गनिमी काव्यात मराठा सरदार आणि त्यांचे घोडेस्वार पुढे होते. शहाजीराजे भोसले हे त्यातलेच एक.

खडकी गाव, राजधानी झालं

१६१० मध्ये अंबरने खडकी या छोट्या गावाच्या जागी नवीन राजधानी वसवली. तेच आजचं आपलं शहर. १६१२ चा भडकल दरवाजा अजून उभा आहे. मोगलांनी १६१६ मध्ये आणि पुन्हा १६२१ मध्ये खडकीची नासधूस केली. दोन्ही वेळा शहर परत उभं राहिलं.

राजधानी करायची तर फौज, घोडे, कारागीर, बाजारपेठ सगळं येणार. मग एवढ्यांना पाणी कुठून आणायचं? खाम नदी बारमाही नाही. तेव्हा अंबरची नजर उत्तरेच्या डोंगराकडे गेली. त्या डोंगरात पडलेला पाऊस भेगांमधून मुरतो आणि खडकात साठून राहतो. ते पाणी जमिनीखालूनच गाठायचं आणि नुसत्या उतारावर शहरात आणायचं, अशी ती योजना होती. १६१८ च्या सुमारास हे काम झालं. हीच नहर-ए-अंबरी.

जमिनीखाली चुन्यात बांधलेला दगडी बोगदा होता. हवा खेळावी आणि आतला गाळ काढता यावा म्हणून वाटेत ठिकठिकाणी तोंडं सोडली होती. अशी सुमारे १४० तोंडं मोजली गेली आहेत. पाणी झाकलेलं असल्याने उन्हाने आटत नव्हतं, घाणही पडत नव्हती. पुढे याच धर्तीवर शहरात आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीला हरसूलच्या बाजूने पाणी आणणारी नहर त्यातलीच.

शेतकऱ्याला सोबत घेणारा

एक गोष्ट नीट समजून घेऊ. नहर लोकवर्गणीतून झालेली नाही. ती राज्यकर्त्याच्या हुकमाने झाली. पण राज्य टिकवायचं तर गावातला माणूस आपल्या बाजूने हवा, हे अंबरला पक्कं ठाऊक होतं.

त्याने महसूल गोळा करण्याची मक्तेदारी बंद केली. मक्तेदार कसा वागायचा हे सांगायला नको, शेतकऱ्याला पिळून मोकळा व्हायचा. अंबरने जमिनी मोजायला लावल्या, त्यांची प्रत लावली आणि आधी प्रत्यक्ष पिकातला वाटा घेतला. काही हंगामांचा अंदाज आल्यावर त्याची रोकड ठरवून दिली. मोडकळीला आलेली पाटील, कुलकर्णी ही गावगाड्याची घडी परत बसवली. पीक बुडालं तर गाव मोडेल आणि गाव मोडलं तर राज्यही राहणार नाही, असा हा साधा हिशेब होता. सतत लढाया चालू असतानाही लोक त्याच्यासोबत राहिले, त्याचं हे मोठं कारण.

त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या. तेव्हा अंबरने तलावाचं पाणी सोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला आणि लढाई जिंकली. पाणी जगवतं तसं बुडवतंही, हे त्याला माहीत होतं. दोन वर्षांनी तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे.

आज काय उरलं?

अंबरनंतर निजामशाही दहा वर्षांत बुडाली. शहराचं नाव बदललं, राज्यं बदलली, पण नहरींनी पुढे तीनशे वर्षं शहराला पाणी पाजलं. त्यांचा घात मोगलांच्या तोफांनी केला नाही. आपणच त्यांच्यावर बांधकामं केली, तोंडं बुजवली, सांडपाणी सोडलं आणि आजूबाजूला बोअर पाडून डोंगरातलं मुरलेलं पाणी आधीच उपसून घेतलं. आज शहराला पैठणच्या नाथसागरातून पाणी उचलून आणावं लागतं, तरीही अनेक वस्त्यांत नळाला पाणी येतं ते कित्येक दिवसांनी.

राज्यकर्त्याने बांधून दिलं तरी ते टिकतं, वर राहणाऱ्यांनी सांभाळलं तरच. नहरीच्या वर ज्याची जमीन, त्यालाच खाली काय आहे हे माहीत नसेल तर तो कशाला जपेल?

याचं उलटं उदाहरणही त्याच जुन्या निजामशाहीच्या मुलखात आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने १९९० च्या दशकात डोंगरावर चर खोदले, झाडं लावली. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही आणि जास्त पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत, हे ग्रामसभेत ठरवलं. दरवर्षी पाऊस किती झाला, पाणी किती उरलं, याचा हिशेब गावासमोर मांडला जातो आणि त्यावर पीक ठरतं. तिथे खाली काय आहे हे प्रत्येकाला माहीत आहे, कारण हिशेब सगळ्यांसमोर होतो.

आपल्या गावातही एखादी जुनी बारव, पाझर तलाव किंवा नाल्यावरचा बंधारा असेल. कुणीतरी तो बांधून गेलंय. त्यात गाळ किती साठला, वरच्या अंगाला किती बोअर झाले, कचरा कोण टाकतं, हे येत्या ग्रामसभेत विचारता येईल. ठराव लिहून घेता येईल, जूनच्या आत गाळ काढायला माणशी एक दिवस ठरवता येईल. आणि पुढच्या वेळी शहागंजला आलात तर घटकाभर थांबून पायाखालच्या जमिनीकडे बघा. चारशे वर्षांपूर्वी परक्या देशातून विकत आणलेल्या एका माणसाने याच जमिनीखालून शहराला पाणी पाजलं होतं.