विल्यम डरहॅम आणि पूर्ण झालेल्या कार्याचा वाद

२ मे १९११ रोजी लॉस एंजेलिसमधील अझुसा स्ट्रीट मिशनच्या दाराला कुलूप लागले, ते विल्यम डरहॅम या उपदेशकाला बाहेर ठेवण्यासाठी. चार वर्षांपूर्वी याच मंदिरात त्यांना पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा लाभला होता. हा माणूस जेथे उपदेश करील तेथे आत्मा उतरेल, असे भाकीत तेव्हा मिशनचे प्रमुख विल्यम सिमूर यांनी केले होते. कुलूप लावण्याचा निर्णयही सिमूर यांचाच.

१८७३ मध्ये केंटकी राज्यात जन्मलेले डरहॅम १९०१ पासून शिकागोच्या नॉर्थ अ‍ॅव्हेन्यू मिशनचे पाळक होते. १९०६ साली अझुसा येथे सुरू झालेल्या जागरणाची वार्ता त्यांना तिकडे घेऊन गेली. (असेच जागरण पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनने आदल्याच वर्षी अनुभवले होते.) मार्च १९०७ नंतर शिकागोतील त्यांची मंडळी या चळवळीचे दुसरे मोठे केंद्र बनली. ब्राझीलमध्ये मोठी मंडळी स्थापन करणारे इटालियन स्थलांतरित लुईजी फ्रांचेस्कॉन तेथेच या चळवळीत आले.

वादाचे मूळ वधस्तंभाच्या अर्थात होते. जॉन वेस्ली यांच्या परंपरेतून आलेली पेंटेकोस्टल शिकवण तीन पायऱ्यांची होती. आधी पापक्षमा, मग एका स्वतंत्र अनुभवात अंतःकरणाची संपूर्ण शुद्धी आणि त्यानंतरच आत्म्याचा बाप्तिस्मा. डरहॅम यांनी १९१० मध्ये शिकागोच्या परिषदेत मधली पायरीच नाकारली. ख्रिस्ताच्या मरणाने पापक्षमा आणि पवित्रीकरण ही दोन्ही कार्ये एकदाच पूर्ण झाली. विश्वास ठेवताच माणूस ख्रिस्ताशी एकरूप होतो आणि त्या पवित्रतेत आयुष्यभर वाढत जातो, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्रश्न केवळ पोथीतला नव्हता. शुद्धीचा तो क्षण साक्षीत सांगणाऱ्या हजारोंना आपला सर्वांत जिव्हाळ्याचा अनुभवच खोटा ठरल्यासारखे वाटले.

१९११ च्या आरंभी सिमूर दौऱ्यावर असताना डरहॅम अझुसा येथे बोलू लागले आणि ओस पडू लागलेले मंदिर पुन्हा भरून वाहू लागले. सिमूर परतले ते हे पाहून. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या दांपत्याच्या या मुलाने उभारलेल्या मिशनचा श्रोतृवर्ग एक गोरा उपदेशक आपल्याबरोबर घेऊन गेला, ही बाजू चळवळीच्या इतिहासात फार हळू आवाजात सांगितली जाते. डरहॅम यांची भाषा जहाल होती. विरोधकांना सावरून घेणे त्यांना जमले नाही. एका तरुणीने टोपीच्या लांब पिनेने त्यांच्यावर हल्ला केल्याचीही नोंद आहे.

चळवळीचे आद्य शिक्षक चार्ल्स पारहॅम यांनी तर, आपल्या दोघांत जो चुकीचा असेल त्याचा प्राण देवाने घ्यावा, अशी जाहीर प्रार्थना केली. ७ जुलै १९१२ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, फुफ्फुसांच्या आजाराने डरहॅम यांचे लॉस एंजेलिस येथे निधन झाले. पारहॅम यांना कौल मिळाला. चळवळीने मात्र तो मानला नाही. एप्रिल १९१४ मध्ये हॉट स्प्रिंग्ज येथे स्थापन झालेल्या असेंब्लीज ऑफ गॉडमध्ये बहुतेक जण डरहॅम यांच्याच मताचे होते. चर्च ऑफ गॉड इन क्राइस्टसारख्या मंडळ्यांनी तीन पायऱ्या सोडल्या नाहीत. असेंब्लीजच्या १९१६ च्या विश्वासपत्रातही संपूर्ण पवित्रीकरण हा जुना शब्दप्रयोग तडजोडीसारखा राहून गेला होता. तो १९६१ साली काढण्यात आला.