दोन गुरू, दोन थिअरी आणि दोघांनाही न पटलेली एक शिष्या : गोष्ट इरावती कर्वेंची

यवतमाळ जिल्ह्यात मामाच्या पोरीवरून पोरांना चिडवणं काही नवीन नाही. इथल्या कितीतरी समाजांत मामाच्या मुलीशी लग्न चालतं. आत्याच्या मुलीचं नाव काढलं की मात्र बऱ्याच मराठी घरांत म्हातारी माणसं नाही म्हणतात. वर गंगेच्या पट्ट्यात गेलात तर मामाची मुलगी म्हणजे बहीणच, विषय संपला. आणि पैनगंगा ओलांडून तेलंगणात उतरलात तर काही समाजांत खुद्द मामाच भाचीशी लग्न करतो.

एकाच देशात हे असं का, याचा नकाशा मांडला एका मराठी बाईनं, १९५३ साली. नाव इरावती कर्वे.

आज त्यांचं नाव निघालं की दोनच गोष्टी सांगितल्या जातात. एक म्हणजे ‘युगान्त’ आणि दुसरं म्हणजे पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली बाई. दोन्ही किस्से भारी आहेत. पण बाईंचं खरं काम त्याच्या बरंच पलीकडचं होतं. माणसांबद्दल मोठमोठ्या लोकांनी मांडलेल्या थिअरी त्या तपासून बघायच्या. जमलं नाही तर नाही म्हणायच्या. समोर गुरू असला तरी.

तर सुरुवात होते ब्रह्मदेशातून. १५ डिसेंबर १९०५ रोजी म्यिंज्यान गावात त्यांचा जन्म झाला. वडील गणेश करमरकर तिकडे नोकरीला होते. मुलीचं नाव ठेवलं तिथल्या इरावती नदीवरून. सात वर्षांची असताना तिला शिकायला पुण्याला पाठवलं, हुजूरपागेत. पुढं रँग्लर परांजप्यांच्या घरात ती वाढली. फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञानात बीए झाली आणि मुंबईला गो. स. घुर्ये यांच्याकडं समाजशास्त्र शिकायला गेली. घुर्ये म्हणजे भारतातल्या समाजशास्त्राचा पाया घालणारा माणूस. हे पहिले गुरू.

याच काळात लग्न झालं दिनकर कर्वेंशी. महर्षी धोंडो केशव कर्वेंचे चिरंजीव, रसायनशास्त्राचे प्राध्यापक, स्वतः जर्मनीत शिकून आलेले. त्यांचं म्हणणं होतं की इरावतीनंही जर्मनीला जावं. विरोध कोणी केला? तर महर्षी कर्वेंनी. बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य घालवलेल्या माणसानं सुनेच्या परदेशी शिक्षणाला नाही म्हणावं, हे वाचताना थोडं थांबायला होतं. शेवटी जीवराज मेहतांकडून कर्ज मिळालं आणि १९२८ च्या सुमारास इरावती बर्लिनला पोहोचल्या.

तिथं भेटले दुसरे गुरू, ऑइगेन फिशर.

फिशर हे तेव्हा मानववंशशास्त्रातलं वजनदार नाव. जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतीत जाऊन त्यांनी मिश्र वंशाच्या लोकांवर संशोधन केलं होतं. १९२७ साली बर्लिनमध्ये कैसर विल्हेल्म संस्थेची मानववंश, आनुवंशिकता आणि सुप्रजननाची शाखा उघडली, तिचे ते प्रमुख. त्यांची थिअरी अशी होती की गोऱ्या युरोपियन माणसाच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असतो, म्हणून त्याची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते. आणि हेच त्याच्या जास्त अकलेचं लक्षण. म्हणजे कवटी वाकडी तितका माणूस हुशार, असं काहीतरी.

हे सिद्ध करायचं काम आलं इरावतींकडं.

त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. काही युरोपियन लोकांच्या, काही आफ्रिकेतल्या वसाहतींमधून आणलेल्या. त्या कवट्या संस्थेपर्यंत कशा आल्या, हा वेगळाच काळा इतिहास आहे. वसाहतीत मेलेल्या, मारलेल्या माणसांची हाडं तेव्हा संशोधनाच्या नावाखाली पेट्या भरून जर्मनीत यायची.

मोजमाप झालं. निष्कर्ष काय? कवटी थोडीफार वाकडी सगळ्यांचीच असते. गोऱ्यांचीही, काळ्यांचीही. वंशाचा आणि त्याचा काही संबंध लागत नाही.

आता विचार करा. पंचविशीही न गाठलेली, गुलाम देशातून आलेली, कर्ज काढून शिकणारी मुलगी. पदवी द्यायची की नाही ते ज्यांच्या हातात, त्यांचीच थिअरी आकडे मांडून खोटी ठरवतेय. फिशर खूश होणं शक्यच नव्हतं. मार्क कमीच मिळाले, पण १९३० साली डॉक्टरेट मिळाली.

पुढं तीन वर्षांत हिटलर सत्तेत आला. फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. त्यांच्या संस्थेच्या तज्ज्ञांनी मिश्र वंशाच्या मुलांच्या सक्तीच्या नसबंदीला हातभार लावला. नंतर याच संस्थेकडं आउशवित्झमधून मेंगेले माणसांचे अवयव पाठवत होता. एक चुकीची थिअरी कुठवर जाऊ शकते, ते पुढच्या पंधरा वर्षांत जगानं पाहिलं.

इरावती तोवर भारतात परतल्या होत्या. आधी काही वर्षं एसएनडीटीत रजिस्ट्रार, मग १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. तिथून त्या देशभर फिरल्या. लोकांना नाती विचारली, डोकी मोजली, रक्ताचे नमुने घेतले. इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. फिशरची थिअरी नाकारली तरी मोजपट्टी बाईंनी सोडली नाही. वंशाच्या कल्पनेतून त्या पूर्ण बाहेर पडल्या नाहीत आणि जातीतल्या अन्यायावर कमी बोलल्या, अशी टीका पुढच्या अभ्यासकांनी केली. ती टीका खोटी नाही.

पण याच फिरण्यातून पहिल्या गुरूंशीही वाजलं. घुर्येंचं म्हणणं साधारण असं की आधी वर्ण होते, ते फुटत गेले आणि जाती झाल्या. इरावतीबाई म्हणाल्या, उलटं आहे. आधी वेगवेगळे गट होते, ते एका धंद्यामुळं एका नावाखाली गोळा झाले. त्यांचं आवडतं उदाहरण कुंभारांचं. थोरचाके आणि लहानचाके, दोघंही कुंभारच. पण चाक वेगळं आणि आपसात लग्न नाही. विदर्भातल्या वाचकाला हे वेगळं समजवायला नको. तिरळे, धनोजे, खैरे, झाडे हे सगळे कुणबीच, पण सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न कोणता विचारतात ते सगळ्यांना माहितीये.

आणि तो १९५३ चा नकाशा. त्यात बाईंनी भाषा आणि नात्यांच्या पद्धती बघून देशाचे चार भाग पाडले : उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व. महाराष्ट्र मध्य भागात. म्हणजे बोलतो उत्तरेकडची भाषा, पण मामाची मुलगी करतो दक्षिणेसारखी. यवतमाळ तर या सीमेवरच बसलाय. पांढरकवडा, झरी जामणीच्या पोडांवर कोलाम लोक जी कोलामी बोलतात ती द्रविड कुळातली, गोंडीही तशीच. गोंडांत या लग्नाला दूध परत करणं म्हणतात. ज्या घरातून लेक आणली, त्या घराचं देणं पुढच्या पिढीत फेडायचं. बाहेरून मागास वाटणाऱ्या रिवाजामागं असा रोख हिशोब असतो, हे बाईंनी नीट मांडून दाखवलं.

शेवटच्या वर्षांत ‘युगान्त’ला साहित्य अकादमी मिळाला, पण काम थांबलं नाही. लेक जाई निंबकर यांना सोबत घेऊन त्यांनी कोयना धरणात गावं गेलेल्या लोकांची पाहणी केली. गाव उठलं की फक्त जमीन जात नाही. सोयरे, शेजार, अडीनडीला धावणारी माणसंही पांगतात, आणि मोबदल्याच्या कागदावर त्याचा रकाना नसतो. निम्न पैनगंगा प्रकल्पाला वर्षानुवर्षं विरोध करणाऱ्या यवतमाळच्या गावांची भीती याहून वेगळी नाही.

कोयनेचा तो अहवाल १९६९ साली छापून आला. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात इरावतीबाई गेल्या, तेव्हा त्या ६४ वर्षांच्या होत्या.