आयर्टन सेना गेला तेव्हा त्याच्या गाडीत दुसऱ्याच देशाचा झेंडा होता

सेना म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, कुठली? ब्राझीलमध्ये हा प्रश्न पडत नाही. तिथे सेना एकच, आयर्टन सेना. फॉर्म्युला वनचा तीन वेळचा वर्ल्ड चॅम्पियन. त्याला जाऊन तीस वर्षं उलटली तरी इन्स्टाग्रामवर त्याच्या पिवळ्या हेल्मेटचे रील फिरत असतात, नेटफ्लिक्सने 2024 मध्ये त्याच्यावर सिरीज आणली आणि ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता अशी पोरं त्याचा फोटो डीपीला ठेवतात.

रेसिंग ड्रायव्हर तर खूप होऊन गेले, त्यातले कितीतरी ट्रॅकवरच गेले. मग याच्यातच असं काय होतं?

सुरुवात साओ पाउलोपासून. 21 मार्च 1960 चा जन्म. घर खाऊनपिऊन सुखी, वडिलांचा धंदा जोरात. पोरगं चार वर्षांचं असताना वडिलांनी त्याला गवत कापायच्या मशिनचं इंजिन लावून एक छोटी गाडी बनवून दिली. तेराव्या वर्षी तो पहिली कार्टिंग रेस खेळला. अशाच एका रेसमध्ये पाऊस आला आणि पोरगं सपाटून हरलं. त्यानंतर पाऊस सुरू झाला की बाकीचे घरात जायचे आणि हा गाडी घेऊन बाहेर पडायचा. हे त्याने वर्षानुवर्षं केलं. पुढे पावसात सेनाला हरवणं जवळजवळ अशक्य झालं, त्याचं मूळ या हट्टात आहे.

1981 मध्ये तो इंग्लंडला गेला. वडिलांचं आडनाव दा सिल्वा. ब्राझीलमध्ये हे आडनाव म्हणजे आपल्याकडचं पाटील, गल्लीत दगड मारला तरी एखाद्याला लागेल. म्हणून त्याने आईकडचं सेना हे नाव लावायला सुरुवात केली. 1983 मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला थ्री जिंकली आणि 1984 मध्ये टोलमन नावाच्या साध्याशा टीमकडून तो फॉर्म्युला वनमध्ये आला. त्याच वर्षी मोनाकोत धो धो पाऊस पडला. हा तेराव्या नंबरवरून सुटला आणि दुसऱ्यापर्यंत पोचला. पहिल्या नंबरवरच्या अलेन प्रॉस्टला गाठणार, तेवढ्यात पावसामुळे रेस थांबवली. प्रॉस्ट जिंकला, पण चर्चा झाली ती सेनाची.

पुढचे आकडे पटकन सांगायचे तर 161 रेस, 41 विजय, 65 पोल पोझिशन. 1988, 1990 आणि 1991 असे तीन वर्ल्ड टायटल. एकट्या मोनाकोत सहा विजय.

पण ब्राझीलने त्याला डोक्यावर घेतलं ते आकड्यांमुळे नाही. झेंड्यामुळे.

21 जून 1986 ला फुटबॉल वर्ल्डकपच्या क्वार्टर फायनलमध्ये ब्राझील फ्रान्सकडून हरला. दुसऱ्या दिवशी अमेरिकेत डेट्रॉइटला रेस होती. सेनाच्या लोटस टीमला इंजिन रेनॉचं, म्हणजे सोबत काम करणारे इंजिनिअर फ्रेंच. त्यांनी त्याची भरपूर खेचली. सेनाने रेस जिंकली, एका प्रेक्षकाकडून ब्राझीलचा झेंडा घेतला आणि तो फडकवत ट्रॅकला चक्कर मारली. तिथून ही सवय पडली. तो काळ ब्राझीलसाठी वाईट होता. लष्करी राजवट नुकतीच संपलेली, महागाई हाताबाहेर गेलेली, फुटबॉलचा वर्ल्डकप 1970 नंतर आलेला नव्हता. अशात रविवारी टीव्हीवर एक माणूस जिंकताना दिसायचा आणि गाडीतून देशाचा झेंडा बाहेर यायचा. सचिन खेळत असताना आपल्याकडे रस्ते ओस का पडायचे, हे ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळं समजवायची गरज नाही.

1991 मध्ये तो पहिल्यांदा घरच्या मैदानावर, साओ पाउलोच्या इंटरलागोसवर जिंकला. शेवटी शेवटी गिअरबॉक्सने दगा दिला आणि गाडी सहाव्या गिअरमध्ये अडकली. तशीच ओढत त्याने रेस संपवली. नंतर त्याला गाडीतून बाहेर यायला मदत लागली, ट्रॉफीसुद्धा धड उचलवेना.

अर्थात हा काही संत नव्हता. 1990 मध्ये जपानच्या सुझुकाला त्याने पहिल्याच वळणावर प्रॉस्टच्या गाडीत गाडी घातली. दोघेही बाहेर, टायटल सेनाला. ते मुद्दाम केलं होतं हे वर्षभराने त्याने स्वतःच कबूल केलं. तेवढ्या वेगात असं करणं म्हणजे दोघांच्या जिवाशी खेळ होता. आणि हाच माणूस 1992 मध्ये बेल्जियमला प्रॅक्टिस चालू असताना स्वतःची गाडी थांबवून, मागून गाड्या येत असताना, अपघात झालेल्या एरिक कोमासकडे धावत गेला आणि त्याच्या गाडीचं चालू असलेलं इंजिन बंद केलं. त्याच्याविषयी लिहिताना बरेच जण यातली एकच गोष्ट सांगतात. खऱ्या दोन्ही आहेत.

आता इमोला. इटलीतला ट्रॅक, 1994 सालची सॅन मारिनो ग्रांप्री.

शुक्रवारी, 29 एप्रिलला ब्राझीलच्याच रुबेन्स बारिकेलोचा भीषण अपघात झाला, तो थोडक्यात वाचला. शनिवारी रोलंड रॅट्झेनबर्गर नावाचा ऑस्ट्रियाचा ड्रायव्हर क्वालिफाईंगला उतरला. वय 33. आयुष्यभर धडपड करून यंदाच कुठे फॉर्म्युला वनमध्ये शिरलेला, तेही सिमटेक या नव्या, पैशाने तंग असलेल्या टीममधून. ताशी 300 किलोमीटरच्या वर वेग असताना त्याच्या गाडीचा पुढचा विंग तुटला आणि गाडी भिंतीवर आदळली. या वेगाचा अंदाज घ्यायचा तर नागपूरच्या रामदासपेठेतून वर्धा रोडने विमानतळ गाठायला तुम्हाला सिग्नल धरून जेवढा वेळ लागतो, तेवढं अंतर या गाड्या दीडेक मिनिटात कापतात. रॅट्झेनबर्गर गेला.

सेना तिथली एक गाडी घेऊन थेट अपघाताच्या जागी गेला. नियम मोडला म्हणून अधिकाऱ्यांनी त्यालाच जाब विचारला. फॉर्म्युला वनचे डॉक्टर सिड वॉटकिन्स त्याचे जवळचे मित्र होते. उद्याची रेस सोड, हे सगळंच सोड, आपण मासे पकडायला जाऊ, अशी त्यांनी त्याची समजूत काढली. सेनाला ते जमणारं नव्हतं. रविवारी सकाळी त्याने बाकीच्या ड्रायव्हरांशी सुरक्षेसाठी पुन्हा संघटना उभी करण्याचं बोलणं केलं आणि दुपारी तो गाडीत बसला. सोबत एक झेंडा घेतला. ब्राझीलचा नाही, ऑस्ट्रियाचा. जिंकल्यावर रॅट्झेनबर्गरसाठी तो फडकवायचा होता.

तारीख 1 मे 1994. सातव्या लॅपला टॅम्बुरेलो नावाच्या वळणावर त्याची गाडी सरळ गेली आणि काँक्रीटच्या भिंतीवर आदळली. सस्पेन्शनचा एक तुकडा हेल्मेट भेदून आत घुसला. बोलोन्याच्या हॉस्पिटलमध्ये त्याला मृत घोषित केलं. वय 34. झेंडा नंतर गाडीत सापडला.

ही भिंत नवीन नव्हती. 1989 मध्ये तिथेच गेऱ्हार्ड बर्गरची गाडी आदळून पेटली होती. बर्गर आणि सेना ती जागा बघायलाही गेले होते. भिंत मागे का घेत नाहीत म्हणून डोकावले तर पलीकडे सांतेर्नो नदी. करता येण्यासारखं काही नाही, असं ठरवून दोघं परतले. सेना गेल्यावर मात्र वर्षाच्या आत उत्तर सापडलं. नदी हलवावी लागली नाही. भिंतीच्या आधी वेग कमी करायला लावणारी वळणं टाकली, झालं. अपघाताचा खटला इटलीत वर्षानुवर्षं चालला. शेवटी 2007 मध्ये कोर्टाने सदोष बदल केलेल्या स्टीअरिंग कॉलमवर बोट ठेवलं, पण तोवर मुदत संपली होती. शिक्षा कुणालाच झाली नाही.

ब्राझीलने तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला. अंत्यदर्शनाला लाखो लोक लोटले. खांदा देणाऱ्यांमध्ये प्रॉस्ट होता, तोच सुझुकावाला. दोन दिवसांनी साल्झबर्गला रॅट्झेनबर्गरचा अंत्यविधी झाला. तिथे गर्दी फार नव्हती. आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट महासंघाचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली मात्र मुद्दाम तिथे गेले, कारण बाकी सगळे सेनाकडे गेले होते.

त्यानंतरच्या मोनाको ग्रांप्रीत पहिली रांग रिकामी ठेवली आणि ट्रॅकवर ब्राझील, ऑस्ट्रिया असे दोन झेंडे रंगवले. सेनाने ज्यासाठी बोलणं केलं होतं ती ड्रायव्हरांची संघटना तिथेच पुन्हा उभी राहिली. जुलैमध्ये ब्राझीलने 24 वर्षांनी फुटबॉलचा वर्ल्डकप जिंकला आणि खेळाडूंनी मैदानातच सेनाच्या नावाचा फलक धरला.

पुतळे, रस्ते तर झालेच. साओ पाउलोत त्याच्या नावाचा हायवे आहे, मेट्रो स्टेशनला त्याचं नाव आहे. इमोलात टॅम्बुरेलोजवळ मान खाली घालून बसलेला त्याचा ब्राँझचा पुतळा आहे. एका चौकाला नाव देऊन, जयंतीला हार घालून मोकळं होणं कुठल्याही देशात सोपंच असतं. त्यापेक्षा मोठं काम दोन ठिकाणी झालं.

एक म्हणजे ट्रॅकवर. इंजिनांची ताकद कमी केली, ड्रायव्हरच्या डोक्याभोवती संरक्षण वाढवलं, 2003 पासून मान सांभाळणारं हान्स सक्तीचं झालं. 1994 नंतर ग्रांप्रीत ड्रायव्हरचा जीव घेणारा अपघात थेट 2014 मध्ये ज्युल्स बियांकीचा झाला. 2018 मध्ये डोक्यासमोरची हॅलो नावाची कमान आली. 2020 मध्ये बहरीनला रोमाँ ग्रोजाँची गाडी दोन तुकडे होऊन पेटली आणि तो आगीतून चालत बाहेर आला, तो या कमानीमुळे.

दुसरं म्हणजे शाळांमध्ये. मरणाच्या दोनेक महिने आधी सेनाने बहीण विवियानशी ब्राझीलमधल्या गरीब मुलांसाठी काहीतरी करायचं बोलणं काढलं होतं. आराखडा काहीच नव्हता. विवियान सेनाने त्याच वर्षी आयर्टन सेना इन्स्टिट्यूट उभी केली. सेनाच्या नावावर विकल्या जाणाऱ्या वस्तूंची रॉयल्टी तिकडे वळवली आणि ती संस्था आज ब्राझीलच्या सरकारी शाळांसोबत शिक्षणाचं काम करते. त्याची टोपी विकली गेली की तिचा पैसा फिरून वर्गात जातो.

रॅट्झेनबर्गरच्या नावाचा ना हायवे, ना सिरीज. पण मे 2024 मध्ये, तीस वर्षं झाली म्हणून, माजी वर्ल्ड चॅम्पियन सेबॅस्टियन व्हेटेल इमोलाच्या ट्रॅकवर उतरला. सेनाने 1993 मध्ये चालवलेलं मॅकलॅरेनचं मॉडेल त्याने स्वतः विकत घेतलेलं आहे. ते त्याने टॅम्बुरेलोवरून नेलं आणि त्या फेरीत दोन झेंडे फडकवले. एक ब्राझीलचा, दुसरा ऑस्ट्रियाचा.