डॉ. जोसेफिन बेकर : बालकांची कैवारी

औषध देऊन रोगी बरा करणाऱ्या वैद्याची कीर्ती चहूकडे पसरते. परंतु रोगच होऊ न देणाऱ्याचे नाव सहसा कोणाच्या मुखी येत नाही. जे संकट आलेच नाही त्याबद्दल आभार कोण मानणार? असे अबोल कार्य करणाऱ्या अमेरिकेतील डॉ. सारा जोसेफिन बेकर यांचे चरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहोत.

जोसेफिनबाईंचा जन्म १८७३ साली न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे सुखवस्तू घराण्यात झाला. त्या सोळा वर्षांच्या असताना विषमज्वराने वडिलांचा बळी घेतला. आप्तांचा विरोध न जुमानता त्यांनी न्यूयॉर्कच्या स्त्रियांसाठी असलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १८९८ साली पदवी संपादन केली. १९०१ साली त्या शहराच्या आरोग्य खात्यात निरीक्षक झाल्या.

त्या काळी उन्हाळा आला की गरीब वस्त्यांतील तान्ही मुले अतिसाराने पटापट दगावत. दाटीवाटीच्या चाळी, कोंदट खोल्या आणि नासके दूध ही त्याची कारणे होती. लोक मात्र त्यास दैव समजत. १९०८ च्या उन्हाळ्यात बाईंनी एका वस्तीत प्रयोग केला. जन्मनोंदीवरून नवजात बालकांची यादी काढावी आणि मूल निरोगी असतानाच परिचारिकेने घरी जावे, अशी ती योजना होती. शाळांना सुटी असल्यामुळे मोकळ्या असलेल्या तीस परिचारिका कामास लागल्या. अंगावरचे दूध पाजा, रोज न्हाऊ घाला, खिडक्या उघडा, कपडे सैल घाला, एवढाच त्यांचा उपदेश. मागील उन्हाळ्याच्या मानाने त्या वस्तीत १,२०० मृत्यू कमी झाले! त्याच वर्षी शहराने बालआरोग्य विभाग स्थापून बाईंना त्याच्या प्रमुख नेमले.

बाईमाणसाच्या हाताखाली काम करणे नको म्हणून सहा डॉक्टरांनी राजीनामे पुढे केले. महिनाभर काम करून पाहा, एवढेच बाईंनी सांगितले; महिन्यानंतर एकही गेला नाही.

पुढे त्यांनी स्वच्छ दुधाची केंद्रे उघडली, सुइणींना शिक्षण व परवाने दिले आणि नवजात बालकांच्या डोळ्यांत घालावयाचे औषध एका वेळेपुरते मेणाच्या कुपीत भरून अनेकांची दृष्टी वाचविली. आई कामावर गेल्यावर धाकटे भावंड कडेवर घेणाऱ्या मुलींसाठी त्यांनी छोट्या मातांची मंडळे काढली. आम्ही शिक्षकी पेशात असताना अशा मुलींची शाळा बुडताना पाहिली आहे. म्हणून या योजनेचे मोल आम्हांस विशेष वाटते.

सर्वांत नवल पुढेच आहे. ब्रुकलिन भागातील काही डॉक्टरांनी नगराध्यक्षांकडे अर्ज केला की, हा विभाग मुलांना निरोगी ठेवून आमचा धंदा बुडवीत आहे, तो बंद करावा! बाईंनी तीच आपल्या कार्याची पावती मानली. एका विद्यापीठाने त्यांना व्याख्यानास बोलाविले, परंतु स्त्रियांना तेथे विद्यार्थी म्हणून प्रवेश नव्हता. प्रवेश द्याल तरच शिकवीन, असे बाईंनी कळविले. अखेर विद्यापीठ नमले आणि १९१७ साली त्यांनी सार्वजनिक आरोग्याची डॉक्टरेट मिळविली.

१९२३ साली त्या निवृत्त झाल्या, तेव्हा अमेरिकेतील मोठ्या शहरांत बालमृत्यूचे प्रमाण न्यूयॉर्कमध्ये सर्वांत कमी होते. १९४५ साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामुळे वाचलेली बालके मोठी होऊन संसारास लागली. आपण कोणामुळे वाचलो हे त्यांतील बहुतेकांस ठाऊकही नसेल. बाळ आजारी पडल्यावर धावाधाव करणारे घरोघरी आहेत. ते आजारी पडण्यापूर्वी जागे होणारे आपल्या कुटुंबांतही वाढोत, हीच आमची प्रार्थना.