सुरतच्या हंसाबेननी बदललेला शब्द

नवागामच्या मराठी मंडळींनी आपल्या सुरतची ही लेक ओळखायलाच हवी. हंसाबेन मेहता, जन्म १८९७. वडील मनुभाई सयाजीराव गायकवाडांचे दिवाण. जातीबाहेर डॉ. जीवराज मेहतांशी लग्न केलं, तेव्हा नागर समाज खवळला होता. पुढे तुरुंगवास, संविधान सभा.

पण खरी झुंज संयुक्त राष्ट्रांत झाली. मानवाधिकार आयोगाच्या अध्यक्ष अमेरिकेच्या एलिनॉर रूझवेल्ट. मसुद्यात माणसांसाठी इंग्रजी शब्द होता पुरुषवाचक. त्यात बायकाही आल्याच, असं रूझवेल्टबाईंचं म्हणणं. अमेरिकेत तसंच चालत आलेलं. हंसाबेन हटल्या नाहीत. काही देश त्याचा अर्थ फक्त पुरुष असाच लावतील, हे त्यांनी बजावलं. १९४८ च्या जाहीरनाम्यात अखेर ‘सर्व मानव’ आलं.